दाराचं पोट

नगर जिल्ह्यात चार दिवस गाडीनं फिरून आलो, असं सांगितलं की शेजारच्या बायका विचारतात, "काय काय पाहिलंत?" मग खरं सांगावं लागतं. आम्ही गाडीच्या दाराची पट्टी बसवून आणायला गेलो होतो. एवढ्यासाठी कुणी पेट्रोल जाळत जातं का, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटतं, पण बिचाऱ्या बोलत नाहीत. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

आमची गाडी विलायती, दोन दारांची, तेवीस वर्षांची. तिचे सुटे भाग येणं केव्हाच बंद झालं आहे. आमचे हे मोजणी खात्यात होते. तीस वर्षांतली अठरा वर्षं त्यांनी नगर जिल्ह्यातच साखळ्या ओढल्या. पाच वर्षांपूर्वी काचबिंदूनं दृष्टी गेली. थोडं दिसत होतं तोवर घाईघाईनं त्यांनी मला गाडी शिकवली. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. रोज ओरडा खाल्ला आणि रोज रडले, पण शिकले.

या गाडीच्या डाव्या दारावर एक चकचकीत पट्टी होती. बिजागरीपासून निघायची आणि मुठीच्या बरोबर खाली संपायची. फाटकाबाहेर आले की हे चार पावलं मोजत, मडगार्डला हात लागला की बोटं पट्टीवर टेकवत आणि चालता चालताच मुठीशी पोचत. थांबणं नाही की चाचपडणं नाही. नवख्या माणसाला कळायचंही नाही की यांना दिसत नाही. कुणी हात धरून नेलेलं यांना मुळीच खपत नाही. मी दंडाला हात लावला तरी झटकून टाकतात.

दिवाळीनंतर एका भाजीच्या हातगाडीचा कोपरा लागला आणि पट्टी उखडून रस्त्यावर पडली. तिला आतून धरणाऱ्या क्लिपा मोडल्या होत्या. पट्टीही वाकली होती. ती यांनी आठ दिवस मांडीवर घेऊन, कचेरीतली जुनी फूटपट्टी लावून लावून, हातानं सरळ केली. त्या आठ दिवसांत यांचा वेळ छान गेला. क्लिपांसाठी मी पुण्यातली दुकानं पालथी घातली. आपल्याकडे दुकानदार वाक्य पुरं व्हायच्या आत "नाही" म्हणतो. शेवटी एका मेस्त्रीनं पट्टीला समोरून तीन भोकं पाडून स्क्रू मारून दिले. पंधरा दिवसांत एक स्क्रू वर आला आणि त्याच्या डोक्यानं यांचं बोट चांगलंच कापलं.

त्यानंतर यांनी बाहेर पडणं सोडलं. संध्याकाळी मी किल्ली वाजवली की म्हणायचे, "आज नको." असा महिना गेला. मग एक दिवस चहा पिताना शांतपणे म्हणाले, "गाडी विकून टाक." गाडी गेली तर हा माणूस खुर्चीतून उठायचा नाही, हे मला लख्ख कळलं.

त्याच दिवशी, मी पुण्याच्या मेस्त्रीला शिव्या घालत असताना, हे सहज बोलून गेले, "कोल्हारला एक तांबट होता, रखमाजी नावाचा. देवळाच्या दाराला अख्खा पितळी पत्रा चढवला होता त्यानं. वरून एक खिळा दिसत नव्हता." मी दुसऱ्या दिवशी टायरमध्ये हवा भरून आणली.

नगरपर्यंत

त्र्याहत्तर सालचा फेब्रुवारी संपत आला होता. स्क्रू काढलेली पट्टी जुन्या धोतरात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवली. निघताना यांना दाराची मूठ सापडेना. मी बॉनेटशी वाकून काहीतरी बघत असल्याचं सोंग केलं. मूठ सापडेपर्यंत वाकूनच राहिले.

आमच्या प्रवासाची एक रीत ठरून गेलेली आहे. मी गाडी चालवते आणि दिसेल ते सांगत जाते. हे ऐकतात आणि चुका काढतात. "उजवीकडे टेकडी आली," म्हटलं की "टेकडी नव्हे, ती नुसती चढण आहे. टेकडी पुढे," असं उत्तर येतं. डोळे माझे आणि जिल्हा त्यांचा, असा कारभार. यावेळी मात्र हे गप्प गप्प होते, म्हणून मीच जास्त बोलत होते.

सुप्याच्या पुढे रेडिएटर तापला. थांबलो, तशी पाचपंचवीस माणसं जमली. रस्त्याच्या कडेला खडी फोडायचं दुष्काळी काम चाललं होतं, तिथलीच ती. एक म्हातारी गाडीला प्रदक्षिणा घालून आली आणि यांच्यासमोर उभी राहिली.

"बाई हाकतीया गाडी, आन् मालक निवांत बसल्यात व्हय?"

"मी साहेब आहे आजी," हे म्हणाले. "ती ड्रायव्हर आहे."

"पगार देता का न्हाई मग?"

"दोन वेळचं जेवण."

"ते तर तीच रांधत आसंल!" म्हातारी म्हणाली आणि सगळा घोळका हसला. महिन्याभरात हे पहिल्यांदाच हसले. म्हातारीनं त्यांच्या पाण्याच्या पिंपातून एक तांब्या काढून रेडिएटरमध्ये ओतायला दिला. ते पाणी टँकरचं होतं, दोन दिवसांआड येणारं. मला ते नंतर कळलं आणि फार ओशाळवाणं वाटलं.

"काय काम चाललंय इथं?" पुढे निघाल्यावर यांनी विचारलं.

"रस्त्याचं आहे काहीतरी," मी म्हटलं. लेकरं पाटीत निजवून खडी फोडणाऱ्या बायका मला दिसत होत्या. पण हा माणूस आत्ताच हसला होता. मी विषय बदलला.

कोल्हार

नगरला मुक्काम करून सकाळी मनमाडच्या रस्त्याला लागलो. राहुरी मागे पडली तसा कालव्याचा पट्टा लागला. ऊस उभा होता, पण कमरेएवढा आणि पिवळट. मी सांगितलं, "ऊस आहे दोन्ही बाजूंना." हे खोटं नव्हतंच.

कोल्हारला प्रवरेच्या पुलावर यांनी गाडी हळू घ्यायला लावली. काच खाली केली आणि तोंड नदीकडे करून बसले. तरुणपणी मोजणी उरकून इथं रोज पोहायचे म्हणे.

"पाणी कितपत आहे?"

खाली वाळू होती. वाळूत खड्डे होते आणि एकेका खड्ड्याशी बायका वाटीनं घागर भरत होत्या.

"आहे की थोडंफार," मी म्हटलं. "बायका धुणी धुताहेत."

यांनी काच वर केली.

रखमाजीच्या घराला कडी होती. समोरच्या किराणा दुकानाच्या मालकानं तागडी खाली ठेवली आणि स्वतः उठून आला. "रखमाजीबुवा लेकीकडं नेवाशाला गेल्यात. दोन म्हैनं झालं. औंदा तांब्याची भांडी कोन घेतंय? भाता गार पडला, म्हनले लेकीकडं तरी बसतो." मग आम्ही न विचारताच त्यानं लेकीच्या घराची खूण सांगितली, तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं आणि चहा पाजला. इकडे कुणी नुसतं "नाही" म्हणून मोकळा होत नाही. पुढच्या माणसाचा पत्ता हातात दिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"परत फिरू," हे म्हणाले. "त्याचं वय झालं असेल. काय त्रास द्यायचा."

मी ऐकलं नाही. श्रीरामपूरवरून नेवाशाचा रस्ता धरला. यांनी गुडघ्यावर बोटं वाजवायला सुरुवात केली. ती रागाची खूण आहे.

नेवासा

देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच लेकीचं घर होतं, पुढे मोठा लिंब. त्याच्याखाली रखमाजी बसले होते. सत्तरीचे, सुकलेले, पण मनगटं अजून जाड. यांनी नाव सांगताच हात जोडून उठले.

"मोजनी सायेब! तुमी आमच्या चुलत्याची हद्द काढून दिल्ती. भांडान मिटलं." आणि यांच्या नजरेकडे बघून एकदम थांबले. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी यांचा हात घेऊन बाजेच्या कडेला लावला, एवढंच. आणि यांनी तो हात झटकला नाही.

लेकीनं, सोनाबाईनं, आधी जेवायला वाढलं. पिठलं होतं, कांदा होता आणि तांबूस भाकरी होती. दुष्काळात रेशनच्या दुकानात मिळणाऱ्या परदेशी मिलो ज्वारीची. घास घेऊन यांनी तोंड हलवायचं थांबवलं.

"कसली भाकरी ही?"

"इकडची ज्वारी अशीच असते," मी चटकन म्हटलं. सोनाबाईनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. यांनी निमूटपणे दोन भाकरी खाल्ल्या.

जेवणानंतर रखमाजींनी धोतरातली पट्टी बाहेर काढली. मागच्या बाजूनं नखानं खरवडून पाहिली. "पितळ हाय आतून. वरनं नुसता मुलामा. हे काम आपलंच." मला हायसं वाटलं. मग त्यांनी पट्टी गाडीच्या दारावर धरली. मधे टेकवली तर दोन्ही टोकं दोन दोन बोटं वर राहिली. टोकं दाबली तर मध्यावर पट्टी ताठ झाली आणि हातातून सुटायला बघू लागली. तीनदा तसं केलं. मग दारावरून तळवा फिरवला, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तळवा फिरवताना त्यांनी डोळे मिटले होते.

"दाराला पोट हाय," ते म्हणाले. "पट्टीला न्हाई. ही सरळ कुनी केली?"

मला काय झालं ते त्या क्षणी कळलं. पट्टी मुळातच वाकडी होती. दाराच्या फुगीरपणाला धरून तिला बाक होता. धक्क्यानं ती कुठंतरी वाकली असेल ती असेल, पण हिचा सगळा बाक यांनी आठ दिवस बसून, फूटपट्टी लावून, घालवून टाकला होता. जन्मभर सरळ रेघा मारलेला माणूस. बाक लागला की त्याच्या हातांना ती चूकच वाटणार. आणि मी डोळस बाई समोर बसून म्हणाले होते, "वा, कशी सुतासारखी झाली!"

"पुण्याच्या मेस्त्रीनं केली," मी म्हणाले.

"मी केली," हे म्हणाले.

दोघंही एकदमच बोललो.

"लई झाक केली," रखमाजी जरा वेळानं म्हणाले. "आमच्यानं इतकी सरळ झाली नसती. पर सायेब, अशा पट्टीला कंपनीची क्लिप असती तरी उडाली असती. स्क्रूचा दोस न्हाई." आणि हत्यारं आणायच्या निमित्तानं ते घरात गेले. शहाणा माणूस.

हे दाराकडे तोंड करून बसले होते. आवाज अगदी खाली होता.

"तू खोटं का बोललीस?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"वाईट वाटलंच. डोळे गेले, आता हातही फसवायला लागले. ते मी सोसेन. पण कोल्हारला धुणं आपटल्याचा एकही आवाज नव्हता. पूल सरेपर्यंत मी ऐकत होतो. सुप्याला हातोडे वाजत होते आणि लेकरू रडत होतं. आणि भाकरी काय, जीभ शाबूत आहे माझी. मला जे दिसतं ते तुझ्या तोंडून दिसतं. तूच असं केलंस तर मी पाहिलेलं खरं कुठलं समजू? पाच वर्षांत किती वेळा केलंस हे?"

मला आकडा सांगता आला नसता. खूप वेळा केलं होतं. भिंतीचा रंग उडालेला, शेजारच्यांनी झाड तोडलेलं, भेटायला आलेल्या भाच्यानं दोनदा घड्याळ पाहिलेलं. मला वाटे, मी यांना जपते आहे. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचीसुद्धा पहिली सवय अशी की आवाज होऊ द्यायचा नाही. मी ती मोठ्यानं नाक ओढून मोडली.

"रडते आहे मी," म्हटलं.

"ऐकू येतंय," हे म्हणाले. पण तोंड वळवलं नाही.

रखमाजी लाकडाचा गोल ठोकळा आणि चामड्याचा तुकडा घेऊन आले. पट्टी यांच्या मांडीवर ठेवली. "घ्या सायेब."

"मला नका सांगू. एकदा बिघडवली ती पुरे."

"ज्या हातानं सरळ झाली त्या हाताला तिची खोड म्हाईत. आन् डोळ्याचं काय घेऊन बसलात? पोचा बघायचा तर आमी डोळं मिटतो. डोळा चमक बघतो, खोल-उथळ न्हाई बघत. माझा बाप रागं भरायचा, म्हनायचा, बघू नगंस, हात लाव."

यांनी मग डावा तळवा दारावर ठेवला. उजव्या हातानं पट्टी ठोकळ्यावर चामडं घालून दाबली, इवलीशी. पुन्हा दार, पुन्हा पट्टी. रखमाजी शेजारी बसून नुसतं "आनिक", "बास", "आता म्होरं सरका" म्हणत होते. मी मधे एकदा तोंड उघडलं तर दोघांनीही मला गप्प केलं. मी सोनाबाईबरोबर पाणी आणायला गेले. विहिरीवर तासभर रांगेत उभी राहिले. तिनं मला विचारलं, "तुमी सायबांना ज्वारीचं खोटं का सांगितलं? लाज वाटती का आमच्या भाकरीची?" मी म्हटलं, नाही गं बाई, तुझ्या भाकरीची नाही.

परतले तेव्हा पट्टी दारावर टेकली होती, टोकापासून टोकापर्यंत. हात काढला तरी सरकायला बघत नव्हती.

बाकीचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. रखमाजींनी पितळी स्क्रूंची डोकी कानशीनं लांबट घासली, पट्टीच्या मागच्या घडीत आडवी शिरतील अशी. आत गेली की पाव वेढा फिरवायची, मग ती अडकून बसतात. दाराचं आतलं अस्तर मी उघडलं. जुन्या क्लिपांच्याच भोकांतून स्क्रू आत आले आणि आतून नटांच्या चाक्या आवळल्या. धातू धातूला लागून वाजू नये म्हणून मागं मेण भरलं. पुण्याची तीन भोकं कथलाच्या डाखानं बुजवून घासली. बाहेरून बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. मजुरीचं विचारलं तर रखमाजी म्हणाले, "निम्मं काम सायबांनी केलं, त्यांच्याकडनं कसं घिऊ?" शेवटी सोनाबाईच्या हातात बळेच दिली.

निघताना हे लिंबापासून पावलं मोजत गेले, पट्टीवर बोटं टेकवली, दार उघडलं आणि बसले. माझा जीव भांड्यात पडला. पण बसल्यावर हे पुढे बघत राहिले आणि म्हणाले, "पाथर्डीवरून चल."

पाथर्डीच्या वाटेनं

हा वळसा होता. नेवाशाहून नगर सरळ जवळ पडतं. पण शेवगाव, पाथर्डी हे यांचं सगळ्यात जुनं मोजणीचं रान. तिथला एकेक बांध यांनी पायाखाली घातलेला. मला भीती वाटत होती. काय दिसणार ते ठाऊक होतं.

शेवगाव मागे टाकलं, तसे हे म्हणाले, "सांग. जे आहे ते."

मी सांगू लागले. सुरुवातीला जीभ अडखळत होती. "रान उघडं आहे. ढेकळंसुद्धा नाहीत, नुसती माती उडते आहे. एक विहीर आली, मोट काढून ठेवलेली आहे. बाभळीची पानं खालून ओरबाडलेली आहेत, शेळ्या पोचतील तितकी. एक गाव आलं. दहातल्या सात घरांना कुलूप आहे. उसाच्या तोडीला गेलेले दिसताहेत. ओट्यावर म्हातारी माणसं आहेत. एक बैल बसलाय. उठेल असं वाटत नाही."

"हाडं दिसतात?"

"दिसतात."

हे ऐकत राहिले. मधेच गावाचं नाव विचारत आणि म्हणत, इथं पाटलाच्या मळ्यात चिंच होती. मी बघून सांगे, आहे किंवा नाही. अशा तीन चिंचांपैकी दोन होत्या, एक नव्हती. असा तासभर गेला. एवढं कठीण मी कधी गाडी चालवली नसेन. आणि खरं सांगते, पाच वर्षांत इतकं हलकंही मला कधी वाटलं नव्हतं. काय लपवायचं ते आधी ठरवावं लागत नव्हतं.

पाथर्डीच्या पुढे, डोंगर चढायच्या आधी, इंजिन गार करायला थांबलो. हे आपले आपण उतरले, पट्टीवर हात ठेवून उभे राहिले. वारा होता.

"आणि मी कसा दिसतो?"

मी टाळायला गेले नाही. वळून नीट पाहिलं. इतकं नीट मीही पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

"म्हातारे दिसता. शर्टाच्या कॉलरला पिठल्याचा डाग आहे. आणि डाव्या कानाखाली दाढी राहिली आहे, चांगली अधेलीच्या नाण्याएवढी. रोजच राहते."

यांचा हात तिथं गेला. "रोज?"

"रोज."

"किती वर्षं?"

"पाच."

"आणि मी असा लोकांसमोर..." बोलता बोलता हे थांबले. चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता दार आपटून आत बसणार आणि पुण्यापर्यंत बोटं वाजवणार. पण हे तसेच उभे राहिले, कानाखालचं ते खुंट चोळत.

त्या रात्री नगरला मुक्काम केला. सकाळी लॉजमध्ये यांनी नेहमीप्रमाणे दाढीचं सामान मांडलं, वाटी चाचपली, साबण फेसला, उजवा गाल केला, हनुवटी केली. मी बॅग भरत होते आणि तिकडे मुद्दाम बघत नव्हते. मग रेझर वाजायचा थांबला.

"इकडे ये," हे म्हणाले. रेझर माझ्या हातात दिला आणि मान उजवीकडे कलती करून बसले.